पोचा, लांबी आणि रंग : गाडीच्या बॉडी-दुरुस्तीचा इतिहास आणि गॅरेजची निवड



बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात नोकरीला लागलेले आणि पहिली गाडी घेतलेले माझे जुने विद्यार्थी अधूनमधून फोन करतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आउटर रिंग रोडवर मागून कोणीतरी धडक दिली, डिकीचा पत्रा आत गेला, बंपर फुटला. आता गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये द्यायची, विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात न्यायची, की कोपऱ्यावरच्या ‘टिंकरिंग अँड पेंटिंग’ची पाटी लावलेल्या मिस्त्रीकडे? (महाराष्ट्रात आपण ज्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतो त्यालाच तिकडे टिंकरिंग म्हणतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही पाटी कल्हईवाल्याची वाटते.)

प्रश्न भावताव करण्याचा वाटतो, पण तो समजून घ्यायला गेल्या शंभर वर्षांत या धंद्यात काय बदलले ते पाहावे लागते. पूर्वी दुरुस्ती वरच्या पत्र्यावर होत असे आणि गिऱ्हाइकाला ती डोळ्यांनी तपासता येत असे. आज तिचा महत्त्वाचा भाग रंगाच्या थराखाली, दरवाज्याच्या खांबात आणि विम्याच्या कागदात गेला आहे. चांगले गॅरेज शोधणे म्हणजे हे झाकलेले काम दाखवायला कोण तयार आहे ते शोधणे. या टिपणात मला एवढेच सांगायचे आहे.

ठोक्याची विद्या

मराठीत ‘पोचा’ हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. हंडा पडला की पोचा येतो आणि तो काढायला तांबट लागतो. पुण्याच्या तांबट आळीत आजही मठारकाम चालते. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोके घालून त्याला आकार आणि ताठरपणा द्यायचा, हे ते काम. यातले धातुशास्त्र तुम्ही पहिल्या वर्षाला शिकता: ठोक्याने धातू पसरतो, पातळ होतो आणि कडकही होतो. गाडीचा पोचा काढणारा मिस्त्री याच नियमाशी झगडत असतो. एका हाताने पत्र्यामागे लोखंडी डॉली धरायची, दुसऱ्या हाताने पुढून हातोडी चालवायची. धडकेत पत्रा ताणला गेलेला असतो. तो नुसता मागे ढकलला तर मधोमध फुगा राहतो आणि बोटाने दाबला की ‘टक्’ असा आवाज करतो. म्हणून ताणलेली जागा तापवून, थंड करून आकसवावी लागते. हे काम हाताच्या जाणिवेवर चालते. जुने मिस्त्री तळहात पत्र्यावरून सावकाश फिरवून खोलगटपणा ओळखत, कारण हाताला जे कळते ते न रंगवलेल्या पत्र्यावर डोळ्याला दिसत नाही.

भारतात मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. सुरुवातीच्या गाड्यांची बॉडी म्हणजे घोडागाडीचाच पुढचा अवतार होता: लाकडी सांगाडा, वर पत्रा, खाली वेगळी चेसिस. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पण भारतीय भांडवलावर मोटार बांधण्याची कल्पना पुढे नेली ती दोन माणसांनी, आणि दोघांचाही आपल्या विषयाशी संबंध आहे. एक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते म्हैसूरचे, पण पुण्यात इंजिनीअर झाले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केली. १९३० च्या दशकात त्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. ते या योजनेमागे उभे राहिले, पण ब्रिटिश सरकारची साथ मिळाली नाही. मग वालचंदांनी युद्धाची संधी साधून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजचे ‘एचएएल’ ते हेच. मोटारीचा कारखाना, म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स, त्यानंतर १९४४ मध्ये मुंबईत निघाला आणि कुर्ल्यात उभा राहिला.

बेळ्ळंदूर तळ्याच्या उत्तरेला जी विमानाची धावपट्टी आहे, ती याच एचएएलची. युद्ध संपल्यावर विमानांचे काम कमी झाले, तेव्हा या कारखान्याने बसच्या बॉड्या आणि रेल्वेचे संपूर्ण धातूचे डबे बांधले. डब्यांचे काम पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बीईएमएल’कडे गेले. म्हणजे बेळ्ळंदूरला आयटीवाले येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या शेजारी देशातले उत्तम पत्राकाम चालत होते. विमानाच्या पत्र्याची दुरुस्ती मात्र एका बाबतीत मोटारीहून वेगळी असते. कुठला रिव्हेट कितव्या अंतरावर, कुठल्या मिश्रधातूचा तुकडा, हे निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणे करावे लागते आणि ज्याने काम केले, ज्याने तपासले, त्यांच्या सह्या नोंदवहीत राहतात. मोटारीच्या दुरुस्तीला ही नोंदवही कधीच मिळाली नाही. तिची जागा मिस्त्रीच्या नावाने घेतली.

फियाटचे दिवस

१९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या होत्या: कोलकात्याची अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याची फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गाडी मिळणे इतके कठीण असेल तर ती टाकून कोण देणार? चेपलेला मडगार्ड बदलत नसत, सरळ करत. गंजलेला दरवाजा खालून कापून नवा पत्रा जोडत. या टंचाईतून आपल्याकडे पत्रा ठोकणाऱ्यांची एक कुशल पिढी तयार झाली, असे माझे मत आहे. त्या काळाच्या नावाने फक्त गळे काढू नयेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी अशाच ठोकून, जोडून, रंगवून दशकानुदशके चालल्या. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

त्या काळी गॅरेजची निवड सोपी होती. मिस्त्री ओळखीचा, काम समोर उघड्यावर, आणि गाडी बिघडली तर तो पुढच्या गल्लीत सापडणार. विम्याचा संबंध कमी. १ जुलै १९४६ पासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला होता, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती बहुतेक जण खिशातून करत.

याच काळात ‘लांबी’ आली. पोचा ठोकून शंभर टक्के सरळ होत नाही, उरलेली खळगी भरावी लागते. पूर्वी ती शिशाच्या मिश्रधातूने भरत, त्याला वेळ आणि कसब लागे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर लांबी निघाली. हार्डनर मिसळा, पट्टीने फासा, काही मिनिटांत कडक, मग घासा. हे वरदान होते आणि इथूनच लपवालपवीही सुरू झाली. एक-दोन मिलिमीटरचा थर हा कामाचा भाग आहे. पण जो पत्रा ठोकून बाहेर काढायचा तो तसाच आत ठेवून वर बोटभर लांबी थापली, तरी रंगानंतर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो दोन पावसाळ्यांनंतर, लांबीला भेग जाऊन आत पाणी शिरते तेव्हा.

रंगाची भट्टी

जुन्या गाड्यांना तेलाच्या व्हार्निशचे एकावर एक हात देत, आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२० च्या दशकात ड्युपाँटने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग आणला आणि जनरल मोटर्सने तो आपल्या गाड्यांना लावला. द्रावक उडून गेला की रंग वाळला, इतकी सोपी गोष्ट. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे हा शब्द असा रुजला की फर्निचरवाले आजही ‘ड्यूको मारू का?’ असे विचारतात. त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९२० मध्ये, मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स ही कंपनी निघाली. आजची कन्साई नेरोलॅक ती हीच, आणि मोटार कारखान्यांना रंग पुरवण्यात तिचे मोठे नाव आहे.

नायट्रोसेल्युलोज रंगाला भट्टी लागत नाही. एक कॉम्प्रेसर आणि एक स्प्रे-गन असली की फूटपाथवर गाडी रंगवता येई. मात्र हा रंग उन्हाने लवकर फिका पडे आणि सारखा घासून चमकवावा लागे. आजच्या गाडीचा रंग पूर्णपणे वेगळा आहे. कारखान्यात नुसत्या बॉडीवर आधी फॉस्फेटचा थर बसतो, मग तिला विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवतात. १९६० च्या दशकात फोर्डने वापरात आणलेल्या या पद्धतीमुळे प्रायमर पोकळ भागांच्या आतपर्यंत पोचतो. त्यावर प्रायमर-सरफेसर, मग रंगाचा पातळ थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतके. प्रायमर सुमारे १६० ते १८० अंशांना आणि क्लिअरकोट सुमारे १४० अंशांना भाजतात.

आता गॅरेजचा विचार करा. तिथे आलेल्या गाडीत सीट आहेत, वायरिंग आहे, एअरबॅग आहेत, टाकीत पेट्रोल आहे. तिला १४० अंशांच्या भट्टीत घालता येणार नाही. म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांवर काम चालते आणि कडकपणा आणण्यासाठी हार्डनर मिसळलेला दोन-घटकी पॉलियुरेथेन रंग वापरतात. त्यामुळे ‘अगदी कंपनीसारखा रंग करून देतो’ असे कोणी म्हणाले तर तुम्ही मनात हसायला हरकत नाही. रसायनच वेगळे आहे. उत्तम गॅरेजचा रंग उत्तमच असतो, वर्षानुवर्षे टिकतो, पण तो कारखान्यातला नसतो. कोण कुठल्या कंपनीचा क्लिअरकोट वापरतो, बूथ बंद आहे की ताडपत्रीचा, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ आणि तुषार श्वासातून गेले तर रंगाऱ्याला दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे थोड्याशा मात्रेनेही त्रास होतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क यावर काहीच कामाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. मी गॅरेज पाहायला जातो तेव्हा आधी रंगाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. जो मालक त्या मास्कवर खर्च करतो, तो सहसा क्लिअरकोटमध्ये थिनर वाढवून पैसे वाचवत नाही.

रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. जुनी गाडी घेणार असाल तर ते उसने आणा. सगळीकडे १२० च्या आसपास आकडा आणि एका दरवाज्यावर ३००, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला. आकडा हजाराच्या पुढे गेला, तर खाली लांबी आहे. यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र चालत नाही.

आतला पत्रा

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली, आणि १९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठल्यावर इतर कंपन्या आल्या. या गाड्यांना वेगळी चेसिस नव्हती, बॉडी हीच चेसिस. तसे पाहता पद्मिनीचीही बॉडी अशीच होती, पण तिचा पत्रा मऊ होता आणि ठोकणे सहन करी. खरा बदल पोलादात झाला. आजच्या अनेक गाड्यांत दरवाज्यामधला खांब बोरॉन-पोलादाचा असतो. तो तापवून, साच्यात दाबून, झटकन थंड करतात, आणि त्याची ताणशक्ती सुमारे १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. असा खांब वाकला तर जुन्या पद्धतीने गॅसवर लाल करून सरळ करता येत नाही. उष्णतेने आलेली ताकद उष्णतेनेच जाते. खांब सरळ दिसेल, रंगही सुरेख बसेल, पण पुढच्या धडकेत तो घडी होईल. भारतात समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेचे निकष ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. म्हणजे त्यानंतरच्या गाडीत आतल्या पत्र्याची रचना हाच सुरक्षेचा हिशेब आहे. दुरुस्तीत तो बिघडला तर निकष कागदावर राहतात.

हे कल्पनेतले भय नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये गारपिटीत खराब झालेल्या एका छोट्या होंडा गाडीचे छत एका बॉडी शॉपने बदलले. निर्मात्याच्या पुस्तकात वेल्डिंग सांगितले होते, शॉपने छत चिकटवले. गाडी नंतर एका जोडप्याने जुनी म्हणून विकत घेतली. छत चिकटवलेले आहे हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. २०१३ च्या अपघातात बॉडी जशी टिकायला हवी होती तशी टिकली नाही आणि दोघेही गंभीर जखमी झाले. २०१७ मध्ये डॅलसच्या ज्यूरीने शॉपला जबाबदार धरून कोट्यवधी डॉलरची भरपाई दिली. त्या खटल्याने जगभरच्या धंद्यात ‘निर्मात्याची दुरुस्ती-पद्धत’ या शब्दांना वजन आले.

पैसे कोण देतो

१९७३ मध्ये सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे ठरीव दर सुटले. हप्ता स्वस्त करण्याची स्पर्धा लागली, आणि तो खर्च भरून काढायला विमा कंपन्यांनी गॅरेजांशी करार केले. ‘कॅशलेस’ सोय आली ती यातून. तुमची सोय झाली हे खरे, पण गॅरेजचे नेहमीचे गिऱ्हाईक तुम्ही राहिला नाहीत, विमा कंपनी झाली. यादीतले गॅरेज वाईट असते असे नाही. फक्त मतभेद झाला तर ते कोणाकडे पाहून बोलणार, हे लक्षात ठेवा. यादीबाहेरच्या गॅरेजात काम करून बिलाचे पैसे मागण्याचा मार्गही पॉलिसीत सहसा असतो.

हिशेब एकदा करूनच पाहू. समजा गाडी साडेतीन वर्षांची, साधी पॉलिसी. बंपर ८,००० रुपयांचा, पत्र्याचा फेंडर ६,००० चा, रंगकाम २०,००० चे. नेहमीच्या नियमाने प्लॅस्टिकवर ५० टक्के घट, म्हणजे ४,००० कापले. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर २५ टक्के, म्हणजे १,५००. रंगाच्या एकत्र बिलात २५ टक्के हा मालाचा खर्च धरतात आणि त्यावर ५० टक्के घट, म्हणजे २,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने तुमच्या माथी. ३४,००० मधले ९,००० तुम्ही भरता. वर, चार वर्षे दावा न करता मिळणारी ४५ टक्के सूट गेली ती वेगळीच. १०,००० च्या मूळ हप्त्यावर ते ४,५०० होतात आणि शिडी पुन्हा तळापासून चढायची. म्हणून नुसत्या बंपरच्या ओरखड्यासाठी दावा करू नये असे जाणते लोक सांगतात, ते बरोबर आहे.

सुट्या भागांचा प्रश्न याला जोडून आहे. कंपन्या अस्सल भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, अशी तक्रार एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण मुद्दा नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारी हा एक विभाग आहे. बाहेरच्या मिस्त्रीकडे जाणे म्हणजे काही चोरी नव्हे. पण त्याच्याकडे तुमच्या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक आहे का, हे विचारायला हवे.

बेळ्ळंदूरमध्ये गाडी देताना

ओरखडा, बंपर, दरवाज्यावरचा पोचा, म्हणजे वरवरचे काम असेल तर चांगल्या मिस्त्रीकडे निर्धास्त जा. फार तर रंग शेजारच्या पॅनेलवर मिसळून देणार का ते विचारा, कारण चंदेरी आणि मोतिया रंगांत एकट्या दरवाज्याचा रंग जुळवणे कोड असूनही अवघड जाते. एअरबॅग उघडली असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, दरवाज्याच्या फटी कमी-जास्त झाल्या असतील, तर जिथे बॉडीची मापे घेणारे बेंच आहे तिथेच न्या आणि दुरुस्तीआधीच्या व नंतरच्या मापांचा कागद मागा. विमानवाल्यांच्या नोंदवहीच्या जवळ जाणारी मोटारधंद्यातली एवढीच एक वस्तू आहे.

बेळ्ळंदूरला आणखी एक गोष्ट आहे: पाणी. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आउटर रिंग रोड आणि आसपासची तळघरे भरली, शेकडो गाड्या बुडाल्या. बुडलेल्या गाडीला रंगवाला नको, आधी वायरिंग आणि इंजिन पाहणारा हवा. पाण्यात चावी फिरवून इंजिन गेले तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. तशा गाड्या पुढे कुठेतरी दुरुस्त होऊन स्वस्तात विकायला येतात, म्हणून त्या भागातली जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. चिखलाची रेघ तिथे राहून जाते.

तळ्याचा फेस आणि आगी तुम्ही बातम्यांत पाहिल्या असतील. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तळ्याभोवतीचे प्रदूषण करणारे उद्योग बंद करण्याचा आदेश दिला. तळे बिघडले ते मुख्यतः सांडपाण्याने, गॅरेजांनी नव्हे. तरी वापरलेला थिनर कुठे जातो हा प्रश्न विचारून बघा, उत्तरावरून गॅरेजची शिस्त कळते.

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात प्रत्येक भागापुढे ‘बदलणे’ की ‘दुरुस्त करणे’ हे लिहून घ्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नका. प्रायमर मारण्याआधीचे फोटो मागा. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तेव्हा ‘वेळ नव्हता’ ही सबब चालत नाही. बदललेले जुने भाग दाखवायला सांगा. ते विमा कंपनीकडे जाणार असले तरी बघायला मिळतातच. आणि गाडी घ्यायला संध्याकाळी दिव्याच्या उजेडात जाऊ नका. दुपारी जा, गाडी उन्हात बाहेर काढायला सांगा, दहा पावलांवरून तिरकी नजर टाका, मग जवळ येऊन तळहात पत्र्यावरून सावकाश फिरवा.